एकट्याने चाला

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तीन गोळ्यांच्या खाली चौथी ओळ लिहिली : रोज 40 मिनिटे चालणे, एकट्याने. ‘एकट्याने’च्या खाली रेघ. “घोळक्यात तोंड चालतं, पाय नाही,” ते म्हणाले. आश्विन नुकताच लागला होता. दवाखान्यात बसायला जागा नव्हती आणि डॉक्टर भलतेच प्रसन्न होते. ‘वैद्यानां शारदी माता’ असं सुभाषितच आहे. खाली पावसाने भिजलेली जमीन, वर एकाएकी मोकळं झालेलं आभाळ, मध्ये आपण आणि आपलं पित्त. आशीर्वादसुद्धा ‘शतं जीव शरदः’ असा देतात. ऑक्टोबरातून जो तगला त्याचंच वर्ष धरायचं, असा त्यामागे हिशेब असावा.

मला मात्र शरद म्हटलं की भाचीचे फोटो आठवतात. ती बॉस्टनला असते. लालभडक मेपल, खाली पानांचा खच, मध्ये एक रिकामं बाकडं. असंच काहीतरी उदास आणि एकटं आपल्यालाही मिळणार, म्हणून पहिल्या दिवशी मी साडेसहालाच पुण्यातल्या आमच्या बागेत हजर झालो.

पहिली अडचण अशी की आपल्याकडे शरदात पानं गळतच नाहीत. त्यांचं काम शिशिरात. आत्ता गळतात ती बुचाची फुलं. लांब दांडीची, पांढरी, वाटेवर पडलेली. एक उचलून नाकाशी धरलं आणि उदास व्हायला सुरुवात करणार, तेवढ्यात समोरून आवाज आला.

“अहो, उलटे चालताय!”

पांढरे बूट, अर्धी चड्डी, डोक्यावर माकडटोपी. गुडघ्यांना थंडी वाजत नसावी. काकांनी काठीने खाली दाखवलं. फरशीवर बाण होता. म्हणजे कधीकाळी असावा; आता त्याचं शेपूट तेवढं उरलं होतं.

“शेपटाच्या उलट दिशेला जायचं,” काकांनी खुलासा केला. “नवीन दिसता. शुगर की बीपी?”

“दोन्ही.”

“मग चला माझ्याबरोबर.”

दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांचे जावई मला पाठ झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळा बदलून पाहिल्या. बागेचा स्वभाव तासागणिक बदलतो, हे तेव्हा कळलं. सहाला ती अंधारी, दवाने ओली आणि चक्क गार असते. बायकोने बळेच स्वेटर घातलेला. “सारसबागेतल्या गणपतीलासुद्धा थंडीत स्वेटर घालतात, तुम्ही कोण लागून गेलात?” या युक्तिवादाला उत्तर नसतं. पण गणपती बसून असतो हो. मी चालतो. सातला स्वेटर कमरेला येतो, साडेसातला खांद्यावर आणि आठ वाजता उन्हाचा असा चटका बसतो की तोच स्वेटर डोक्यावर घेऊन घरी यावं लागतं. सोसायटीचा वॉचमन हल्ली मला बघून आधीच गेट उघडतो.

सातला हास्यक्लब. बावीस-पंचवीस माणसं हात वर करून हसतात. शेजारून गंभीर चेहऱ्याने जाणं फार कठीण. न हसावं तर माणूसघाणे, हसावं तर सभासद. मी खोकलो.

आणि त्या फुलंवाल्या आजी. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीच्या बरोब्बर खाली उभ्या राहून त्या आकडीने तगरीची फांदी वाकवतात. एकदा मी नुसतं पाटीकडे पाहिलं. “देवासाठी आहेत,” आजी म्हणाल्या. “जरा फांदी धर रे, उंच आहेस.” मी फांदी धरली. रखवालदाराची शिट्टी वाजली तेव्हा फांदी माझ्या हातात होती आणि आजी पाटी वाचत होत्या.

म्हणून संध्याकाळ करून पाहिली. संध्याकाळी सप्तपर्णीचं राज्य. दिवसभर निमूट उभं असलेलं हे झाड दिवेलागणीला असा वास सोडतं की काही लोक डोळे मिटून ‘आहाहा’ म्हणतात आणि माझं अर्धं डोकं दुखायला लागतं. याच्या लाकडाच्या पूर्वी शाळेत पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे म्हणे. शाळा म्हटलं की माझं डोकं तेव्हाही दुखायचंच. शिवाय संध्याकाळी प्रत्येक झाडामागे एकेक जोडपं. तिथे एकटा माणूस फिरताना दिसला की लोक त्याला रखवालदार तरी समजतात किंवा मुलीचा बाप.

शेवटी एकांत मिळाला तो पाडव्याच्या सकाळी. सगळं पुणं घरी फराळावर बसलेलं. बागेत चिटपाखरू नाही. रस्त्यावर रात्रीच्या फटाक्यांचे लाल कागद पसरले होते. लांबून, चष्मा काढून पाहिलं तर थेट बॉस्टन. हास्यक्लबाच्या जागी दोन साळुंक्या. काका नाहीत. मी बुचाचं फूल उचललं. वास घेतला. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

मग लक्षात आलं, आज आपण बाणाच्या उलट चालतोय. मुद्दामच. कोणी बघतही नव्हतं. पण पायांना काही ते बरं वाटेना. अर्ध्या फेरीतून मी वळलो, शेपटाच्या उलट दिशेला लागलो आणि वेगसुद्धा आला.

तेवढ्यात समोरून एक पोरगा आला. कानात इयरफोन, नजर झाडांवर, चेहरा छानपैकी उदास.

“अहो,” मी म्हणालो, “उलटे चालताय!”

त्याने एका कानातलं काढलं. “काय म्हणालात, आजोबा?”

काका चाललं असतं.