‘फक्त गोगलगायींना लागू पडतं’: पावसाळ्यातल्या त्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. ‘गोगलगायींचा नायनाट, शंभर टक्के सुरक्षित.’ कुंड्यांत मीठ भुरभुरवा, बागेभोवती चुन्याची रेघ ओढा, अंड्याची टरफलं आणि कॉफीचा चोथा पसरा. तरी भागलं नाही तर कृषी सेवा केंद्रातून गोळ्या आणा. त्या फक्त गोगलगायींना लागू पडतात, कडू असल्यानं मुलं-कुत्री तोंड लावत नाहीत. आणि ज्या दिसतील त्या उचलून कंपाउंडबाहेर टाका.

यातलं सगळ्यात घातक वाक्य गोळ्यांचं आहे, तेव्हा आधी तेच.

या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं, आपल्याकडे सहसा अडीच टक्के. बाकी सगळं आमिष, म्हणजे कोंडा-पिठाच्या जातीचं काहीतरी, कारण गोगलगायीनं ते आवडीनं खायला हवं. नेमकं तेच कुत्र्यालाही आवडतं. काही कंपन्या त्यात कडू द्रव्य घालतात हे खरं, पण हावरं कुत्रं चव घेत बसत नाही, गिळून मोकळं होतं. रांगणारं मूल तर दिसेल ते तोंडात घालतं. पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत अंग थरथरायला लागतं, लाळ गळते, मग झटके येतात आणि ताप इतका चढतो की त्यानंच जनावर दगावू शकतं. यावर उतारा नाही. डॉक्टर झटके आणि ताप आवरतात, एवढंच त्यांच्या हातात असतं. ब्रिटनने २०२२ च्या वसंतात मेटाल्डिहाइडचा घराबाहेरचा वापर बंदच केला, तो पक्षी आणि सस्तन प्राण्यांना होणाऱ्या धोक्यामुळे. ‘फक्त गोगलगायींना’ लागू पडत असतं तर ही वेळ आली नसती.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यांना ठाऊक नसावी. मेटाल्डिहाइड गोगलगायीचा चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी निकामी करतं, ती कोरडी पडून मरते. भर पावसात तिला पाणी मिळत राहतं आणि बऱ्याचदा ती सावरते. म्हणजे ज्या झडीत आपण गोळ्या टाकतो, त्याच झडीत त्या कमी चालतात.

‘पण कृषी खातं तर सांगतं!’ सांगतं, शेतासाठी. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. एकरभर रानातला तो नाइलाज आणि आपल्या गॅलरीतल्या बारा कुंड्या यांची गाठ कशाला घालायची? याहून वाईट म्हणजे गूळ-कोंड्यात पिकावरचं कीटकनाशक कालवून घरीच आमिष बनवणं. मिथोमिलसारखं विष गुळात कालवून अंगणात ठेवायचं आणि वर त्याला ‘घरगुती’ म्हणायचं, हे मला तरी कळत नाही. गोळ्या हव्याच असतील तर फेरिक फॉस्फेटच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, मिळतात का पाहा. त्या बऱ्याच सौम्य असतात, पण अख्खा पुडा खाल्ला तर लोहाची विषबाधा होऊ शकते. विरळ टाकायच्या, ढीग करायचा नाही, आणि पुडा कुलपात.

आता चुना. ताजा चुना ओल्या जमिनीवर कुत्र्याच्या पंजांना भाजतो. मुलांच्या डोळ्यांचं तर विचारू नका. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून डोळा गेलेली मुलं नेत्रतज्ज्ञांना नवी नाहीत. गंमत अशी की पावसानं धुऊन हवा लागलेल्या चुन्याचा तिखटपणा उतरतो, आणि शंखी गोगलगाय शंखाला कॅल्शियम हवं म्हणून चुन्याच्या भिंती खरवडून खाते. कालची लक्ष्मणरेषा आज तिचा नाश्ता.

मीठ शेंबडीला, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीला, मारतं, खरं आहे. मोठी शंखी मात्र शंखात शिरून बसते, आणि मीठ कुंडीतच राहतं. मग पानांच्या कडा करपतात. पाच किलोच्या कुत्र्यानं दोन चमचे मीठ चाटलं तरी उलट्या, थरथर सुरू होऊ शकते.

टरफलांबद्दल फार लिहायला नको. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ मध्ये लेट्यूसच्या वाफ्यांवर टरफलं, तांब्याची पट्टी, खडी वगैरे तपासली. नुसत्या वाफ्याच्या तुलनेत काही फरक पडला नाही. कॅफिन गोगलगायींना मारतं, पण एक-दोन टक्क्यांचं द्रावण हवं. आपल्या कपातल्या कॉफीत त्याच्या दशांशाहूनही कमी असतं, आणि चोथ्यातलं बरंचसं तर आधीच कपात उतरलेलं असतं. उलट कॅफिन कुत्र्यांना बाधतं.

राहिलं उचलून टाकणं. उचला, तोच खरा उपाय. पण उघड्या हातानं नको आणि कंपाउंडबाहेर तर नकोच. उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं गोगलगायीत वाढतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. केरळात असे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणून हातमोजे किंवा चिमटा, नंतर साबणानं हात, आणि बागेतला पालक-कोथिंबीर नीट धुऊन. कंपाउंडबाहेर टाकलेली शंखी मरत नाही. एका वेळी शेकडो अंडी घालते ती, प्रत्येक गोगलगाय नर-मादी दोन्ही असते, आणि शेजाऱ्याची बाग हे तिला नवं घर.

त्याऐवजी रात्री आठ-नऊला टॉर्च घेऊन निघा. दिवसा ओलं गोणपाट कुंड्यांमागे पसरा, खाली पपईची सालं. सकाळी उलटलं की त्या खाली गोळा झालेल्या दिसतात. झाकणाच्या बादलीत मिठाचं दाट पाणी करा, त्यात टाका, झाकण लावा. झाकण दोन कारणांसाठी: त्या कडेनं वर चढतात, आणि लहान मूल उघड्या बादलीत डोकावतं. दुसऱ्या दिवशी बागेबाहेरच्या जमिनीत खोल पुरा. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला. नर्सरीतून आणलेली कुंडी उलटी करून तळ पाहा, साबुदाण्याएवढी पांढरट-पिवळट अंडी मातीत दोन-चार सेंटिमीटरवर सापडतात. भारद्वाज अंगणात येत असेल तर त्याला येऊ द्या, शंखी हे त्याचं खाद्य आहे; विष टाकलं तर तेच त्याच्या पोटात जाणार.

आणि कुत्र्यानं गोळ्या खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. दूध पाजू नका, मिठाचं पाणी देऊन ओकारी काढू नका. पुडा बरोबर घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. मुलाच्या बाबतीत १०८ ला फोन करा, आणि पुडा तिथेही दाखवा.