दर इनबॉक्समध्ये कशाला? आंबा विकायचाय तर उघड्यावर विका

फेब्रुवारी संपत आला की फेसबुकवर एकच फोटो पन्नास पेजवर दिसायला लागतो. पिवळ्याधमक आंब्यांची पेटी, खाली गवत, वर ‘अस्सल देवगड हापूस’ आणि शेवटी ‘दरासाठी इनबॉक्स करा’. फोटो कुणाचा, बाग कुठली, पेटीत किती डझन, एक फळ किती वजनाचं, यातलं काहीही नाही. आणि मग हीच मंडळी म्हणतात, सोशल मीडियावर लाइक येतात, ऑर्डरी येत नाहीत.

कशा येतील?

देवगडची आमची बाग दादा बघतो. मी पुण्यात असते आणि ऑनलाइन विक्रीचं सगळं माझ्याकडे आहे: पोस्टी, व्हॉट्सअ‍ॅप, पत्ते, पैसे, टेम्पो पोचला का ते विचारणारे फोन. हे करताना माझं एक मत पक्कं झालंय. छोट्या बागायतदाराने सोशल मीडियावर आंबा विकायच्या मागे लागू नये, बाग दाखवावी. आणि ती आंबा नसताना दाखवावी.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. कागदावर. मोबाइलवर मात्र ‘देवगड’ हे चार अक्षरांचं नाव कुणीही टाइप करू शकतो. कर्नाटकातून येणारा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे मुंबई-पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि फोटोत तो ओळखणं जवळजवळ अशक्य. त्या आंब्याशी माझं भांडण नाही, तिथल्या शेतकऱ्यानेही घाम गाळलाय. त्याने तो स्वतःच्या गावाच्या नावाने विकावा, एवढंच. पण गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा कशावर? माझ्या मते, ज्याची बाग तो नोव्हेंबरपासून बघतोय त्याच्यावर.

दादाला पहिल्यांदा मोहोराचा व्हिडिओ काढायला सांगितला तेव्हा तो म्हणाला, “ह्यात दाखवूचा काय आसा?” त्याच्यासाठी ते रोजचंच. पण शहरातल्या माणसाने मोहोरावरची तुडतुडा ही कीड कधी पाहिलेली नसते. अवकाळी पाऊस पडला की मोहोर काळा का पडतो, फवारणी कशासाठी करावी लागते, वाटाण्याएवढी झालेली फळं ढीगभर का गळतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हे सगळं बघितलेला माणूस एप्रिलमध्ये “एवढा महाग का?” असं विचारत नाही. विचारलं तरी त्या विचारण्यात चिडचिड नसते.

सर्वांत जास्त प्रश्न आले ते झेल्याच्या, म्हणजे आंबा उतरवायच्या काठी-जाळीच्या, व्हिडिओवर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ वापरून देठासकट आंबा कसा उतरवतात, ते दादाने दाखवलं होतं. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, डाग पडतात आणि फळ देठाकडून कुजायला लागतं. सोळा आण्यांतलं चौदा आणे तयार झालेलंच फळ उतरवायचं हेही त्यातच आलं. ना गाणं, ना फिल्टर. त्याखाली लोकांनी जे विचारलं त्यावर पुढचे दोन महिने लिहायला विषय मिळाले. पिकवण्याबद्दल तर हमखास विचारतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे आणि आम्ही गवताच्या आढीत पिकवतो, हे तिन्ही मी स्पष्ट लिहिते. इथिलीन वापरणाऱ्याला विषारी ठरवून आपला आंबा खपवणं मला पटत नाही.

दर लपवणं तर मला अजिबात कळत नाही. डझनाचा दर, फळाचं वजन, पोचवण्याचा खर्च पोस्टमध्येच लिहा. दर आठवड्याला बदलतो? मग दर आठवड्याला लिहा. इनबॉक्समध्ये माणूस बघून दर सांगतात असा संशय एकदा आला की तो माणूस परत येत नाही, आणि त्याचं चूक आहे असं मला वाटत नाही.

तक्रारीचंही तेच. कमेंटमध्ये कुणी लिहिलं, ‘दोन आंबे आतून पांढरट, आंबट निघाले’, की बहुतेक जण कमेंट उडवतात किंवा ‘इनबॉक्स चेक करा’ म्हणतात. तो साका असतो. उन्हाच्या तापाने आतला गर बिघडतो आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. हे तिथेच, सगळ्यांसमोर लिहावं. कापलेल्या फळाचा फोटो मागवावा आणि पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त पाठवावीत. त्या एका उत्तराचं वाचन शंभर शांत माणसं करत असतात, जी कधीच कमेंट करत नाहीत. ऑर्डर त्यांच्याकडून येते.

२०२५च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फळाची खात्री करता येते. मला हे मनापासून आवडलं, कारण विश्वास ठेवा म्हणण्याऐवजी इथे तपासून बघा म्हटलंय.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक बागायतदाराला कळकळीने सांगते. फेसबुकवरचे फॉलोअर आपले नसतात. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की मित्र-नातेवाइकांच्या पोस्टींना प्राधान्य मिळेल, धंद्याच्या पेजना कमी. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम काही तास बंद पडले. तेव्हा आंब्याचा हंगाम नव्हता. तेच एप्रिलात, तोडणी झालेली आणि टेम्पो भरलेला असताना झालं असतं तर? नाशवंत माल थांबत नाही.

म्हणून पोस्ट वाचून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि पत्ता वहीत उतरवा. त्यांच्या परवानगीने. त्यांनाही तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, कारण सेव्ह नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि ही साधी गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते. आमच्या वहीत कुणाला अक्षय्य तृतीयेआधी पेटी लागते, कुणाला थोडा कडक आंबा आवडतो, कुणाच्या सोसायटीचा वॉचमन पार्सल घेत नाही, सगळं लिहिलेलं आहे. दादाकडून मोहोराचा पहिला फोटो आला की तो आधी या माणसांना जातो. फेसबुकवर त्यानंतर.