बंद गाडी अर्ध्या तासात चालू? आधी प्लग काढा, मग बोला

सोलापुरातल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'वडिलांची गाडी भंगारात घालू नका, मिस्त्रीशिवाय अर्ध्या तासात घरीच चालू करा!' खाली सहा उपाय: किक जाम असेल तर गियर टाकून ढकला, जुन्या पेट्रोलवर नवं ओता, नवा स्पार्क प्लग टाका, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) तारेने साफ करा, टाकीचा गंज ॲसिडने घालवा, आणि पासिंगची काळजी सोडा, पंधरा वर्षांवरची गाडी 'विंटेज' असते. भंगारात घालू नका हे एकदम मान्य. बाकीच्या उपायांनी मात्र वाचू शकणारी गाडी खरंच भंगारात जाईल.

सगळ्यात घातक पहिलाच. वर्षानुवर्षं उभ्या गाडीची किक खाली जात नसेल तर बहुतेक वेळा पिस्टन आणि त्याच्या रिंगा बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याला, गंजून चिकटलेल्या असतात. अशी गाडी दोन पोरांनी मागून रेटली की सगळा जोर रिंगांवर आणि कनेक्टिंग रॉडवर येतो. आरएक्स हंड्रेड, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांच्या ब्लॉकच्या, म्हणजे बोअर ज्यात असतो त्या भागाच्या, भिंतीतच पोर्ट (मिश्रण आणि धूर ये-जा करायची भोकं) असतात. तुटलेल्या रिंगेचा तुकडा तिथे अडकला की बोअरला चर पडलाच. मग लेथवर ब्लॉक बोअर करून घ्या, मोठ्या मापाचा (ओव्हरसाइज) पिस्टन शोधत फिरा, तोही अस्सल मिळेल याची खात्री नाही.

त्यापेक्षा प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता आणि काही दिवस गाडीला हात लावू नका. नंतर प्लग काढलेलाच ठेवून टॉप गियर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. टॉपच का? कारण त्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन सगळ्यात कमी फिरतं, त्यामुळे हाताचा जोर क्रँकला, म्हणजे पिस्टन हलवणाऱ्या दांड्याला, जास्त लागतो. पहिल्या गियरमध्ये नेमकं उलटं. तरीही सुटलं नाही तर हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडावं लागेल, आणि ते काम नवख्याने पहिल्यांदा तरी मिस्त्रीशेजारी बसूनच करावं.

जुन्या पेट्रोलवर नवं ओतायचं? पेट्रोलमधला हलका भाग कधीच उडून गेलेला असतो. उरतो तो चिकट थर, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत आणि जेटात. नव्या पेट्रोलने तो विरघळत नाही, उलट टाकीतली घाण खाली येते. त्यात आता पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, इथेनॉल कुठून येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. ते हवेतली ओल धरतं आणि 1985-90 च्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्याच्यासाठी बनलेलेच नव्हते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, पाइप नवा घाला. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडून धार नीट पडते का बघा. आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं बारीक भोक तपासा. ते बुजलं की गाडी थोडी चालते, बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा चालते, आणि लोक उगाच ठिणगीची कॉइल बदलत बसतात.

प्लगबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. नवा प्लग स्वस्त आहे, जरूर टाका. पण जुना फेकण्याआधी त्याचं तोंड बघा. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापतंय. अगदी कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही, मग प्लग बदलून काय होणार? स्पार्क बघायचा तर प्लग कॅपमध्ये अडकवून त्याची बॉडी हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळी, ठसठशीत ठिणगी हवी. नसेल तर पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्यांच्या) जुन्या गाडीत आधी पॉइंटवर साचलेला थर पॉलिश पेपरने काढा. जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी लागतो. ठिणगी चांगली, पेट्रोलही पोचतंय, तरी गाडी ढिम्म? प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. अंगठा उडाला नाही तर दाबच नाही, आणि तिथे कुठलाच प्लग कामाचा नाही.

तारेने जेट साफ करू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जादा पेट्रोल पिते. क्लीनरचा फवारा आणि पंक्चरवाल्याकडची हवा पुरते.

बाथरूमचं ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर तासाभरात नवा गंज धरतो. कॉक काढा, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात मूठभर नट टाकून टाकी हलवा, रात्रभर ठेवा, सोड्याच्या पाण्याने धुवा. वाळवायला एप्रिलमधलं आपलं ऊन आहेच. आतून लगेच तेलाचा हात फिरवा. टाकी फुटकी असेल तर मात्र घरी डाग द्यायला जाऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

मेसेजमध्ये नाही त्याचीच मला जास्त काळजी वाटते. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलबरोबर ऑइलही लागतं, आणि आरएक्स हंड्रेडला त्यासाठी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की त्या पंपात हवा धरू शकते, टाकीत ऑइल दिसतं पण इंजिनला पोचत नाही. गाडी झकास चालू होते, होटगी रोडला एक चक्कर होते आणि इंजिन सीज, म्हणजे जाम. पंपातली हवा काढा आणि खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. ब्रेक शू, केबल, टायर यांचं तर मेसेजमध्ये नावही नाही. टायरवरचे चार आकडे वाचा: 2311 म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसू दे, असा टायर काढून टाका.

राहिलं पासिंग. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. 'विंटेज' हा दर्जा 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला मिळतो. त्यालाही वेगळी नोंदणी लागते आणि अशी गाडी रोज फिरवता येत नाही. आरएक्स हंड्रेड भारतात 1985 ला आली, म्हणजे सगळ्यात जुनी गाडीसुद्धा 2035 च्या आधी त्यात बसत नाही. तेव्हा पान्याला हात घालण्याआधी आरसी बुक शोधा, चेसिस आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून बघा, आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल तर ती नावावर करून घेण्याचा अर्ज आधी भरा.