आजारी पडायचंय? आधी बोहल्यावर चढा

विद्यापीठात शिकणाऱ्या तमाम मुलींनो, पाळी लांबली, ओटीपोटात दुखलं, पांढरं जायला लागलं, तर घाबरू नका. डॉक्टरकडे तर मुळीच जाऊ नका. गेल्या मंगळवारी मी ती चूक केली आणि तेव्हापासून माझ्याकडे सल्ल्यांचा एवढा साठा झालाय की फुकट वाटायला काढलाय.

आधी वयाचं बघा. आजार वेळेवर यावा लागतो. सरकारने 2014 साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तो 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. त्यापुढचं कुटुंबनियोजनाचं सगळं खातं जननक्षम जोडप्यांसाठी, आणि जोडपं म्हणजे लग्न झालेलं, हे वेगळं सांगायला नको. मध्ये उरलो आपण, एकोणीस सरलेल्या आणि अक्षता न पडलेल्या. तेव्हा विसाव्या वाढदिवसाला गर्भाशयाला कुलूप घालायचं आणि किल्ली भटजींकडे ठेवायला द्यायची. मी बावीस वर्षांची, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ऐन कुलपाच्या वयात माझी पाळी सलग दोन महिने आली नाही. चूक माझीच.

दवाखाना निवडताना नकाशा पुढ्यात घ्या. गोवा सगळा मिळून 3702 चौरस किलोमीटर, आणि त्यातल्या प्रत्येक चौरस किलोमीटरात आईची एक तरी ओळखीची बाई राहते. म्हणून उत्तर टोकाच्या पेडण्याच्या मुलीने दक्षिण टोकाच्या काणकोणला जावं आणि काणकोणच्या मुलीने पेडण्याला. परवडत असेल तर सरळ बेळगाव. मी आळस केला. हॉस्टेलपासून एका बसच्या अंतरावर गेले (कुठे ते विचारू नका, मला तिथे परत जायचंय). बाकावर टेकते न टेकते तोच शेजारच्या बाईने विचारलं, "तूं कोणालें गो?" मी गाव सांगितलं. मग वाडा. मग देऊळ. तिसऱ्या प्रश्नाला ती माझ्या आतेच्या नणंदेच्या स्वयंपाकघरात पोचली होती. संध्याकाळी सात वाजता आईचा फोन. "बरं नाही का गो तुला?" आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन यायला निदान दुसरा दिवस उजाडावा लागतो.

केसपेपर काढताना आवाज मोठा ठेवा. खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक आहे, त्यातून पैसे आत जातात, आवाज जात नाही.

"कितें जाता?"

"पाळी."

"कितें?"

"पाळी!"

रांगेत मागे एक आजोबा होते. ते एकदम वाकून आपल्या चपलेचा पट्टा तपासायला लागले. त्या दिवशी त्या इमारतीत माझी लाज राखणारे तेवढे एकच.

आता मुख्य तपासणी. तुमची समजूत असेल की डॉक्टर नाडी बघतात, पोट बघतात, रक्त तपासायला सांगतात. ते सगळं मागाहून. स्त्रीरोगाचं निदान एकाच प्रश्नात होतं, आणि तो प्रश्न म्हणजे "लग्न झालंय?" खिडकीतल्या बाईने विचारलं, "लग्न जालां?" वजन करणाऱ्या नर्सने विचारलं. मग आत डॉक्टरीणबाईंनी, मान वर न करता. वजनकाटा तर दाराला टेकण म्हणून ठेवलेला. माझं वजन करायला तो ओढला तेव्हा दार अर्धं लोटलं गेलं आणि मला क्षणभर वाटलं, बरं झालं. वजन झालं, काटा परत दाराला. पडद्याच्या आठ कड्यांतल्या तीन शिल्लक होत्या.

ह्या प्रश्नाची तयारी घरून करून जा. आमच्या गोव्यात तर तो आणखी अवघड आहे, कारण इथे लग्नाच्या सह्या दोन. सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, दुसरी व्हायची आहे, हॉल बुक झालाय, अशा मुलीने काय उत्तर द्यायचं? अर्धं झालंय? मग तिला अर्धी तपासणार का?

मी "नाही" म्हटलं. शंभर टक्के खरं उत्तर. त्यांना जे कळायला हवं होतं त्याचं मात्र ते उत्तर नव्हे, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. पाळी दोन महिने न आलेली बाई समोर बसलीय, तर तिचा कोणाशी शरीरसंबंध आहे का, हे डॉक्टरला कळायलाच हवं. त्यावरून गरोदरपणाची चाचणी ठरते, संसर्गाच्या तपासण्या ठरतात. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावरच बेततं. विचारा की मग! पण ते विचारायचं धाडस नाही म्हणून "लग्न झालंय?" असं सोवळं नेसवून विचारतात. मग अविवाहित बाई खरं बोलून खोटी ठरते, आणि विवाहित बाईला काहीही झालं तरी "गुड न्यूज आहे का बघूया". नवरा तीन वर्षं दुबईला असला तरी. बरं, सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं का? दार बंद असतं तर सांगितलं असतं. उघड्या दारात, बाहेर आतेच्या नणंदेची सोयरीक बसलेली असताना, नाही.

संगथ ही आमच्या गोव्यातलीच, मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. वीसेक वर्षांपूर्वी तिच्या संशोधकांनी इथल्या बायकांच्या पांढरं जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला, तेव्हा त्या तक्रारीचं मनावरच्या ताणाशी घट्ट नातं निघालं. म्हणजे बाई "पांढरं जातं" म्हणते तेव्हा तिला आणखीही काही सांगायचं असू शकतं. सांगेल ना, जरूर सांगेल. वजनकाटा काढा.

असो. सोनोग्राफी झाली, पीसीओडी निघालं, म्हणजे हार्मोन्स नि इन्सुलिनचा तोल बिघडून पाळी लांबण्याचा विकार. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना आहे, त्यामुळे घाबरले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन कमी कर, आणि लग्न झालं की होईल सगळं सुरळीत. मंगळसूत्राचे काळे मणी इन्सुलिनवर काम करतात हे मला नवीन होतं. तोपर्यंत गोळ्या लिहून दिल्या. आणि वाचकहो, त्या गोळ्या कसल्या? गर्भनिरोधक! पीसीओडीत पाळी मार्गावर आणायला त्याच देतात, त्यात चूक काही नाही. गंमत एवढीच, की लग्न झालं नाही म्हणून गर्भनिरोधनाचा ज्या खोलीत उच्चार झाला नाही, त्याच खोलीतून मी तीन महिन्यांची गर्भनिरोधक गोळी घेऊन बाहेर पडले.

फार्मसीत जाताना सोबत आणखी तीन वस्तू घ्याव्यात: क्रोसिन, आल्याच्या गोळ्या, बँडेड. खरी वस्तू मधोमध, सँडविचसारखी. मी चिठ्ठी सरळ पुढे केली. माणसाने ती वाचली, मला वाचलं, परत चिठ्ठी वाचली. "कोणाक जाय हें?" चिठ्ठीवर नाव माझं, उभी मी. एवढ्यात हाफ पँटमधला एक पर्यटक आला, काउंटरवरच्या स्ट्रॉबेरी नि चॉकलेटच्या रांगेतलं पाकीट उचललं, पैसे दिले, "थँक यू सर" घेऊन गेला. अर्धं मिनिट लागलं नाही. माझी एकवीस गोळ्यांची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी, वर गाठ. आमच्याकडे दारूची बाटली उघडी मिळते.

तातडीची गर्भनिरोधक गोळी लागली तर ती संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी, आणि तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पण फार्मसीतले काका बाबांच्या भजनी मंडळात असतील तर गणपतीची चवथ उरकू द्यावी.

मुलग्यांसाठी वेगळा सल्ला नाही; बसस्टँडच्या मुतारीत भिंतीवर गुप्तरोगवाल्या वैदूचा नंबर लिहिलेला असतो.

एचआयव्हीची माहिती हवी असेल तर 1 डिसेंबरची, एड्स दिनाची, वाट पाहा. कॉलेजात रेड रिबन क्लबची, म्हणजे एड्स-जागृती मंडळाची, रांगोळी स्पर्धा असते. लाल रंग संपतो म्हणून लवकर जा. मी दोन वर्षं भाग घेतला, दुसरा नंबर आला. सरकारी केंद्रात चाचणी फुकट होते, आधी नि नंतर समुपदेशन मिळतं, निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, 1097 ह्या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे पडत नाहीत, ह्यातलं एक अक्षर त्या रांगोळीत नव्हतं. रांगोळीत दोन हात आणि एक पणती होती.

एचपीव्ही ह्या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूवरची लस? छे! गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवते म्हणे. पुण्यात बनलेली स्वदेशी लस 2023 पासून मिळते. नऊ ते चौदा वयात घेतली तर दोन डोस पुरतात, पंधराच्या पुढे तीन लागतात. माझ्या मावशीने ऐकलं आणि म्हणाली, "आपल्या मुली तसल्या नाहीत गो." धनुर्वाताचं इंजेक्शन देताना मात्र कोणी विचारत नाही, खिळा कुठल्या घरचा होता.

त्या रात्री हॉस्टेलवर काळ्या पिशवीची गाठ सुटेना म्हणून दातांनी फाडली. पाकिटातला माहितीचा कागद उलगडला, उशीच्या अभ्र्याएवढा झाला. अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलचा टॉर्च लावून वाचायला बसले, कारण सांगणारं कोणी नव्हतं: पहिली गोळी कधी घ्यायची, एकवीस झाल्या की सात दिवस थांबायचं का, एक चुकली तर काय. आणि त्यात ते वाक्य सापडलं. डोकं उठण्याआधी डोळ्यांपुढे काहीतरी चमकतं अशी अर्धशिशी असेल तर ही गोळी घेऊ नये. पक्षाघाताचा धोका.

मला अर्धशिशी आहे. बारावीपासून. डोकं उठण्याआधी वीस मिनिटं डाव्या डोळ्यापुढे नागमोडी चमचमती रेघ नाचते, पुस्तकातली अर्धी ओळ दिसेनाशी होते.

तीन माणसांनी मला तीनदा विचारलं, लग्न झालंय का. अर्धशिशी आहे का, हे एकानेही विचारलं नाही. घरात कोणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, विचारलं नाही. सिगारेट ओढतेस का, विचारलं नाही. रक्तदाब बघितला नाही. गरोदर नाहीस ना, ह्याची चाचणी केली नाही, कारण मी "नाही" म्हटलं होतं ना, झालं! मी बापडी कुमारिका, कुमारिकांना पक्षाघात होत नाही!

आता सल्ले बंद. सरळच बोलते.

डॉक्टर, मला तुमच्याकडून संस्कार नको होते. ते घरी भरपूर मिळालेत. मला पाच प्रश्न हवे होते, दोन मिनिटांचे, दार लावून. गोव्यात वैद्यकशिक्षण 1842 पासून आहे. एवढ्या वर्षांत एक दार लावायला शिकता आलं नाही? गर्दी असते, मान्य. बाहेर चाळीस बायका होत्या, तुम्ही सकाळपासून पाणी प्यायला नव्हतात, टेबलावरची बाटली भरलेली होती, मी बघितली. पण लग्नाचं विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच अर्धशिशीचंही विचारून होतं.

आणि केसपेपरच्या तळाशी तुम्ही जे लिहिलंत ते काय? "पुढील वेळी पालकांसह येणे." का? मी मतदान करते. मी स्कूटर चालवते, विमा माझ्या नावावर आहे. गर्भपातासारख्या बाबतीतसुद्धा अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. आई, बाप, नवरा, कोणाची सही लागत नाही. 2021 मध्ये गर्भपाताच्या कायद्यातलं "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" काढून "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" घातलं. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 20 ते 24 आठवड्यांतल्या गर्भपातालाही विवाहित-अविवाहित असा भेद चालणार नाही. गर्भपात केलेल्या बाईचं नाव फोडलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. आणि मी आले होते पाळीसाठी! पाळीसाठी मला आईची चिठ्ठी?

आणि बाकावरच्या काकी, तुम्हीपण. मी कोणाची ते तुम्हाला कळलं. मला काय झालंय ते माझ्या आईला तुमच्याकडून कळलं. दोन रात्री ती झोपली नाही. तिला वाटलं, आपली मुलगी फसली. तिने ते तोंडाने विचारलं नाही, "जेवतेस ना नीट?" एवढंच विचारलं, चार वेळा. एका फोनमध्ये चार वेळा.

गोळ्या कपाटात तशाच आहेत, पहिल्या पाकिटातली एकही फोडलेली नाही. पुढची तारीख गुरुवारची. आईला त्या दिवशी ऑफिस आहे आणि मी तिला रजा टाकायला सांगणार नाही. तो उशीच्या अभ्र्याएवढा कागद घडी करून सोबत नेणार आहे, त्या वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारलीय. आत गेल्यावर आधी वजनकाटा बाजूला सरकवणार. जड आहे, पण पायाने सरकतो.