कॅरिबियन नोटांवर राणीशिवाय काहीच नाही? साफ चूक

जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: "कॅरिबियन नोटांवर राणी, नारळ आणि पक्षी. छपाई परदेशातली, इतिहास शून्य. राणीची नोट मिळाली तर घ्या, तिलाच भाव, बाकी रद्दी." नवखे संग्राहक यावर विश्वास ठेवून चांगल्या नोटा हातच्या घालवतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी राणी, म्हणजे ब्रिटनची एलिझाबेथ. जमैकाने १९६९ मध्ये पौंड सोडून डॉलर आणला, तेव्हाच राणीला नोटेवरून उतरवलं. पन्नास सेंटच्या नोटेवर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले मार्कस गार्वी आले, दोन डॉलरच्या नोटेवर पॉल बोगल. १८६५ च्या मोरंट बे उठावाबद्दल ब्रिटिशांनी याच बोगलना फासावर चढवलं होतं. आणि राणी तेव्हाही जमैकाची राष्ट्रप्रमुख होती! तिच्याच राज्यात, तिच्या जागी, तिच्या पूर्वजांच्या राजवटीने फाशी दिलेला माणूस. याहून ठसठशीत इतिहास नोटेवर कुठे सापडणार?

बार्बाडोस प्रजासत्ताक झाला २०२१ मध्ये, पण १९७३ च्या पहिल्या स्वतंत्र नोटांपासूनच तिथे राणी नाही. पाच डॉलरच्या नोटेवर पुढे फ्रँक वॉरेल आले: पूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडीजचं नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. १९६२ मध्ये ब्रिजटाउनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारतीय कर्णधार नरी काँट्रॅक्टरच्या डोक्यात बसला, तेव्हा त्यांना रक्त देणाऱ्यांत वॉरेल होते. माझ्या संग्रहातली ही नोट मी कधीच विकणार नाही. दोन डॉलरवर जॉन बोव्हेल आहेत, उसाच्या नव्या वाणांवर काम केलेले संशोधक. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या मंडळींनी तरी ही नोट रद्दीत काढू नये.

'नुसते पक्षी' म्हणणाऱ्यांनी त्रिनिदादची शंभर डॉलरची नोट पाहावी. तिच्यावरचा पिसाऱ्याचा स्वर्गीय पक्षी मूळचा न्यू गिनीचा. टोप्यांच्या पिसांसाठी त्याची कत्तल चालली होती, म्हणून विल्यम इंग्रॅम यांनी १९०९ मध्ये काही पक्षी त्रिनिदाद-टोबॅगोमधल्या लिटल टोबॅगो बेटावर आणून सोडले. १९६३ च्या फ्लोरा वादळाने त्यांची वाताहत झाली आणि पुढे ते तिथून संपले. नोटेवर मात्र राहिले.

छपाई परदेशातली, हे बहुतेक नोटांबाबत खरंच आहे. पण म्हणून नोटेवरचा इतिहास परका ठरत नाही. क्यूबाच्या १९६१ च्या नोटा चेकोस्लोव्हाकियात गुपचूप छापल्या आणि ऑगस्टमध्ये जुन्या नोटा अचानक बदलून घेतल्या. राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष म्हणून त्यांवर सही आहे चे गेव्हाराची, आणि तीही फक्त 'चे' एवढीच!

राहिला भाव. राणी असली की भाव, हा हिशोबच चुकीचा. ईस्टर्न कॅरिबियनच्या, म्हणजे अनेक छोट्या बेटांच्या सामाईक चलनाच्या, राणीच्या कितीतरी साध्या नोटा सहज मिळतात. त्या घेताना सिरीयल नंबरच्या शेवटी बेटाचं अक्षर असेल तर ते बघा: ए म्हणजे अँटिग्वा, डी डॉमिनिका, जी ग्रेनाडा, एम छोटंसं माँटसेरात. नोट तीच, पण अक्षरागणिक मागणी वेगळी. विकणारा 'कोरी' म्हणत असेल तर उजेडात तिरकी धरून मधली घडी तपासा. इस्त्री फिरवलेल्या नोटा कोऱ्या म्हणून सर्रास खपवल्या जातात.