माझ्या हातावरचे डाग आणि लेकीचं रक्त

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते.

लेकीला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. पहिलं रक्तदान करायचं म्हणून आठवडाभर नाचत होती. आज मंडळाच्या शिबिरात गेलो. हिमोग्लोबिन 12.9, लागतं 12.5. वजन 52, म्हणजे 350 मिलीची पिशवी. सगळं व्यवस्थित. पोरीनं बाही वर केली. तेवढ्यात फॉर्म भरणाऱ्या मुलानं माझ्या हातांकडे पाहिलं.

"काकू, हे कोड आहे का? मग हिचं रक्त नको. पेशंटला काही झालं तर?"

चारचौघांत!

अरे, कोड म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्या त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते. ते हात लावून पसरत नाही, एका ताटात जेवून पसरत नाही, रक्तातून तर नाहीच. पांढरा डाग दिसला की अजून लोकांच्या डोक्यात महारोगच येतो. आणि हा शिकलेला मुलगा!

प्रश्न विचारायलाच हवेत, मान्य. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर थांबवतात, ते बरोबरच आहे, तो रोग संसर्गाचा आहे. कोड कधी कधी घराण्यात असतं, हेही खरं. पण ती प्रवृत्ती आईबापांकडून येते, रक्ताच्या पिशवीतून नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते. त्या यादीत आईचे हात कुठे आहेत?

मे महिना आहे. कॉलेजं बंद, अर्धी माणसं गावाला, रक्तपेढ्यांत खडखडाट. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस टिकतात. अशा दिवसांत रक्त द्यायला स्वतःहून आलेली पोर तुम्ही परत पाठवता?

पोर काही बोलली नाही. वर केलेली बाही घरी येईपर्यंत तिनं खाली केली नव्हती.

मला माझ्या लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू आठवलं. एका बाईंनी माझ्या बोटाचं कुंकू नको म्हणून कपाळ मागे घेतलं होतं. त्या दिवसापासून वीस वर्षं मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घातले. आज फार उकडत होतं, म्हणून अर्ध्या बाह्यांचा घातला. तेवढ्यानं लेकीला नकार आला, असं क्षणभर वाटलं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्या मुलावर आता तेवढा राग नाही. एकोणीस-वीसचा असेल, उन्हात सकाळपासून उभा होता. त्याला कुणी सांगितलंच नसेल. पण शिबिरात डॉक्टर बसलेले होते. दहा पावलं चालून त्यांना विचारायचं होतं रे बाळा. मीही भांडायला हवं होतं, पण पाय तिथून निघाले.

शिबिर भरवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, फॉर्मच्या टेबलावर बसणाऱ्या पोरांना आदल्या दिवशी अर्धा तास द्या. कोणाला थांबवायचं हे डॉक्टर ठरवतील, एवढं तरी सांगा.

आत्ता लेक येऊन म्हणाली, "आई, उद्या सरकारी रक्तपेढीत जाऊ. येशील ना?"

येणार. अर्ध्या बाह्यांचाच घालून येणार.