जैवविविधता समितीवर निवड झाली? अभिनंदन!

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली, तीही तुम्हाला न विचारता, याबद्दल आधी हार्दिक अभिनंदन. आता कारभार कसा करायचा ते ऐका.

पहिलं काम, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पाखरं यांची नोंद. ती तयार करायची नसते, करून घ्यायची असते. त्यासाठी शिवार पालथं घालायची, मेंढरामागच्या म्हाताऱ्याला गवतांची नावं विचारायची काही गरज नाही. तालुक्याला एक पोरगा लॅपटॉप उघडून बसलेला असतो. त्याच्याकडं आधीच्या गावाची वही तयार असते, गावाचं नाव बदललं की काम फत्ते. आमच्या गावची वही मी परवा पाहिली (कपाटाची किल्ली सापडेपर्यंत दोन चहा झाले). आमचं गाव माणदेशात. उन्हाळ्यात पाणी टँकरनं. वहीत मासे कोणते? सुरमई, बांगडा, पापलेट. फळझाडं? काजू, कोकम. गावाच्या पश्चिमेला म्हणे खाडी आहे. माळावरच्या लांडग्याचं, खोकडाचं, धाविक पक्ष्याचं नाव नाही. सही-शिक्के मात्र जागच्या जागी.

त्या पोराला बोल लावू नका. या समित्या आणि वह्या सांगणारा जैवविविधता कायदा २००२ चा, आणि पुढं सतरा वर्षं बहुतेक गावं निवांत होती. मग राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिना १० लाख रुपये भरायला सांगितले. तेव्हा कुठं देशभर समित्या पावसाळी अळंब्यांसारख्या उगवल्या.

समितीत एक तृतीयांश महिला हव्यात. सह्या त्यांच्या घरी जाऊन घ्या.

बाहेरचा व्यापारी रानातली औषधी मुळं पोत्यांनी नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार समितीला आहे. घेऊ नका, पाहुणा आहे.

माळ दिसला की तो पडीक समजायचा, खड्डे काढायचे, गिरिपुष्प लावायचं आणि फोटो काढायचा. माळढोकाला उघडं गवत लागतं, झाडं नकोत, हे फोटोत थोडंच दिसतं!

आणि ओढा. ओढ्याच्या खोलीकरणाचा विषय निघाला की वही अजिबात उघडू नका. आमच्याकडं कुणी उघडली नाही. ठराव झाला तेव्हा समितीचे अध्यक्ष तिथंच बसले होते, त्यांनी हात वर केला आणि पेढा खाल्ला. पोकलेन उतरला तो ऐन उन्हाळ्यात, दरडीतल्या बिळांत वेड्या राघूंची पिल्लं असताना. दरडच खरवडली. काठाची माती धरून बसलेले करंज गेले. उंबर गेला, ज्याच्या फळांवर कडक उन्हाळ्यातही पाखरं जगायची. लव्हाळा गेला, निर्गुंडी गेली, वळणं गेली, डोह गेले. राहिला एक सरळसोट चर. वर पाटी, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. अरे, जिरवणार कुठं? आडवं येणारं सगळं तर तुम्हीच उपटलंत! खालचा कातळ फोडून ओढ्याचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली नेला, की विहिरीचंच पाणी ओढ्यात उतरतं आणि वाहून जातं, एवढं साधं कुणाला कळू नये? कळत होतं. म्हाताऱ्यांनी सांगितलंही. पण बिल घनमीटरवर निघतं, उंबरावर निघत नाही.

रस्ता बांधकाम खात्याचा, ओढा जलसंधारणाचा, गायरान महसूलचं, फवारणी कृषीची. निर्णय तिकडं होतात, आणि पाखरं, गवतं, मासे यांची जबाबदारी कुणाची? कपाटातल्या वहीची. ती वही काही शोभेला नाही. गावात काय आहे ते आधी बघा आणि मग ठराव करा, याच्यासाठी आहे ती. ठराव करून झाल्यावर मागच्या तारखेची सही मारायला नव्हे.

आणि तुम्ही? समितीत आहात हे तुम्हाला हा लेख वाचून कळलं असेल, तर लाज वाटू द्या. वही मागा. ओळ न् ओळ वाचा आणि खोटी असेल ती खोडा, पापलेटापासून सुरुवात करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, पुढच्या कामात कुठली झाडं जाणार, कुणाची बिळं जाणार, आणि हे कुणी पाहिलंय. उत्तर मिळेपर्यंत हात वर करू नका. पेढासुद्धा खाऊ नका.